उसातून निघेल ते सारं

मंडळी, गजर झाला, आता टाळ जरा मांडीवर ठेवा. पुढचं ऐकायला कान मोकळे हवेत. आणि मागे खांबाला टेकून बसलेल्यांनो, डोळे मिटलेत ते ध्यानासाठीच, असं मी धरून चालते!

एक प्रश्न विचारते. एखाद्यानं देवासमोर एक वस्तू सोडली. ओंजळीत पाणी घेऊन सोडली. आणि पुढे एके दिवशी तीच वस्तू त्याच्या तोंडात गेली, तर व्रत मोडलं का?

मोडलं! बघा, पहिल्या रांगेतून लगेच निकाल आला. इतकी घाई नको हो! आधी हिंदुरावांची गोष्ट ऐका. मग निकाल द्या.

हिंदुराव म्हणजे नदीकाठच्या एका गावातले ऊसवाले. स्वतःचं गुऱ्हाळ. माणूस उंचापुरा, आणि मिशा अशा, की तोंड उघडायच्या आधी मिशाच बोलायच्या! या गड्याचा जीव कशात? काकवीत! रस मोठ्या काहिलीत उकळतो, आटतो, आणि गूळ होण्याच्या जरा आधी मधासारखा दाट, तांबूस होतो, ती काकवी. लोक भाकरीला काकवी लावतात. हिंदुराव काकवीला भाकरी लावायचे!

पन्नाशी ओलांडली आणि पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. साधी ठेच. पण जखम भरेना! तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मधुमेह निघाला. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं, आणि गोड बंद.

"बंद म्हणजे बंद हं, काका," त्या म्हणाल्या. "अंगठा वाचवायचाय आपल्याला."

हिंदुरावांनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं हो? घरातला गूळ गेला, साखर गेली, चहा कडू झाला. तरी जखम भरेना! त्यांच्या कारभारीण हौसाबाई, रोज सकाळी त्यांच्या पोटात सुई टोचणाऱ्या त्याच. त्या विचारात पडल्या. आणि एक दिवस धुणं धुताना बघतात तर नवऱ्याच्या सदऱ्याच्या बाहीवर मुंग्यांची रांग! चोरी करणारे पुरावा लपवतात. हे तर पुरावा अंगावर घालून गावभर हिंडत होते!

"अवो, ह्या मुंग्या कशापायी चढल्या तुमच्यावर?"

"माणूसच गोड हाय मी. त्याला मुंग्या तरी काय करतील?"

हसलात ना? हौसाबाईसुद्धा हसल्या. आणि मग न्हाणीत जाऊन तोंडावर पदर धरून रडल्या. कारण अंगठा काळा पडत चालला होता, आणि तो रोज धुणारे हात त्यांचेच होते.

त्या म्हणाल्या, "काशीला चला." का, ते तुम्हाला ठाऊकच आहे. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेत सोडायची. ती पुन्हा जन्मात तोंडात घालायची नाही!

गेले. घाटावर पाण्यात उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "यजमान, जी वस्तू सर्वांत प्रिय, तिचं नाव घ्या."

हिंदुरावांनी डोळे मिटले. भक्तीनं चेहरा असा फुलला! म्हणाले, "कारलं."

अहो, हसताय काय? इथे काशी करून आलेले किती आहेत, आणि त्यातल्या किती जणांनी पडवळ सोडलंय, हे मी विचारलं का? नाही विचारत!

पण हौसाबाई शेजारीच उभ्या होत्या. "गुरुजी, थांबा. ह्यांनी कारल्याला उभ्या जन्मात हात लावल्याला न्हाई. अवो, काकवी म्हणा."

"बरं बाई. काकवी सोडली."

"आन् रस?"

"त्यो कुठं आला मधी?"

"आलाच! काकवी सोडून रस पिणार, रस सोडला तर गूळ खाणार, गूळ सोडला तर साखर. मी वळखते तुमास्नी! म्हणा, उसातनं निघंल ते सारं सोडलं. आन् माझ्या गळ्याची शपथ घेऊन म्हणा!"

गळ्याची शपथ म्हणजे काय, हे सांगायला नको. शपथ मोडली तर जीव जातो तो ज्याचा गळा त्याचा. हिंदुरावांच्या मिशा खाली आल्या. त्यांनी बायकोकडे एकवार बघितलं, ओंजळ भरली आणि म्हणाले, "उसातनं निघंल ते सारं. हिच्या गळ्याची शपथ." पाणी गंगेत गेलं.

बाईनं एकेक फट बुजवली होती, मंडळी. एकही उरली नव्हती. हे नीट लक्षात ठेवा.

आणि काय सांगू, शपथ पाळली हो त्यांनी! गुऱ्हाळात काकवीचा वास सुटला की बांधावर जाऊन पाठ करून बसायचे. पण तोंडाला बोट लावलं नाही. अंगठा भरत आला. नवी कातडी धरली. हौसाबाई त्याच्याकडे बघायच्या, आणि मनात म्हणायच्या, आपल्या शपथेनं हे केलं.

पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला. त्या घरची रीत अशी, की पहिल्या काहिलीच्या काकवीचा नैवेद्य शेतातल्या देवाला दाखवल्याशिवाय मालकानं अन्न घ्यायचं नाही. एरवी न्याहारीच्या वेळेपर्यंत सगळं उरकायचं. म्हणून हौसाबाईंनी सकाळी नेहमीसारखं इंजेक्शन दिलं, भाकरी बांधून घेतली, आणि दोघं गुऱ्हाळावर आली.

आणि घाण्याचा पट्टा तुटला!

पट्टा आणा, बसवा, इंजिन सुरू करा, यात सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं.

"अवो, दोन घास खावा. इंजिशन घेतलंया तुमी."

"निवद न्हाई दावला अजून. माझा बा ह्या दिवशी कधी आधी जेवला व्हता?"

हिंदुरावांचे वडील जेवत नसत, खरं आहे! पण वडिलांच्या पोटात इन्सुलिन नव्हतं. ते औषध रक्तातली साखर खाली आणतं. त्याला ठाऊक नसतं, की आज मालकाचा उपास आहे! ते आपलं काम करत राहतं. अन्न आलं तरी, नाही आलं तरी.

अखेर रस पडला. चुलवाण पेटलं, काहील उकळली, काकवी झाली. गुळव्या म्हादबा, म्हणजे गूळ करणारा जुना जाणकार गडी, त्यानं पितळी वाटीत काकवी काढून देवापुढे निवायला ठेवली. हौसाबाई फुलं घेऊन वळल्या, आणि बघतात तर काय?

हिंदुराव उसाच्या मोळीवर बसलेले. हात थरथरतायत. सदरा भिजून अंगाला चिकटलाय!

"अवो?"

"क्... कोण? जा तिकडं! हात नको लावू!"

जीभ जड झाली होती. आणि आयुष्यात कधी बायकोवर न खेकसलेला माणूस खेकसत होता!

गडी धावले. "साखर वाढली! वासानंच वाढली बघा!" कुणी म्हणालं, "काकवी लांब न्या!" आणि म्हादबा म्हणाला, "वैनी, दुसरं इंजिशन हाय का? द्या लगीच!"

मंडळी! त्या क्षणाला दुसरं इंजेक्शन! कळतंय का, काय होणार होतं?

हौसाबाईंचा हात पिशवीकडे गेलासुद्धा. औषध पिशवीत होतं. साखर मोजायचं यंत्र तेवढं घरी, आणि घर लांब. बाटली हातात आली. आणि त्यांचा दुसरा हात नवऱ्याच्या मानेवर पडला.

मान गार. ओली, गार!

थांबल्या. हे असं नव्हतं कधी. साखर वाढायची तेव्हा ह्यांचं अंग कोरडं, घसा कोरडा, तांब्यामागून तांब्या पाणी. आज घामाची धार, आणि पाणी मागितलं का? नाही. मग? सकाळची सुई दिली कुणी? मीच दिली. भाकरी कुठंय? फडक्यात, तशीच! आणि मग डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, जे ऐकताना त्यांना वाटलं होतं की हे आपल्यासाठी नाही: "मावशी, सुई दिली आणि खाल्लं नाही, तर साखर उतरते. घाम, थरथर, बरळणं. तेव्हा ताबडतोब साखर द्यायची. वाट बघायची नाही."

बाटली पिशवीत गेली. "रस आणा! साखर उतरलीया ह्यांची!"

तांब्याभर रस आला. ओठाला लावला, आणि हिंदुरावांनी दात आवळले!

"न्हाई... हिचा गळा... शपथ..."

ऐकलंत? स्वतःचं नाव आठवेना त्या माणसाला, पण शपथ आठवत होती! बायको समोर उभी आहे हे ओळखत नव्हता, आणि तिचाच जीव वाचवायला दात आवळून बसला होता. रस हनुवटीवरून खाली. सगळा वाया!

चहूकडे बघा हो काय आहे! ऊस रचलेला. रसाची टाकी भरलेली. काहिलीत काकवी उकळतेय, मागे गेल्या हंगामातली गुळाची ढेप. एवढ्या गोडाच्या मधोमध एक माणूस साखरेवाचून विझत चाललाय! आणि दार लावलंय कुणी? ज्या बाईला तो हवाय, तिनं. एकही फट न ठेवता.

"शपथ सुटली!" हौसाबाई ओरडल्या. "मी घातली, मी सोडवली! सुटली म्हणते न्हवं!"

हिंदुरावांना ऐकू गेलं नाही. डोळे फिरायला लागले.

अजून गिळता येत होतं, तोवरच वेळ होता. माणूस पुरता बेशुद्ध झाला की तोंडात काही ओतता येत नाही, श्वासात जातं. हौसाबाईंना हे पुस्तकातून ठाऊक नव्हतं, पण डोळ्यांपुढे दिसत होतं, की रस ओतला तर ठसकतायत. पातळ नको. चिकटणारं हवं, आणि काहिलीतली काकवी तर कढत. त्या देवाकडे धावल्या, पितळी वाटी उचलली.

"वैनी! निवद हाय त्यो! अजून दावला न्हाई!" म्हादबा आडवा आला. "आन् गंगेची शपथ ती! तुमच्या गळ्यावर येईल!"

हौसाबाईंचा हात थांबला. एवढासाच. भीती वाटली नाही असं मी सांगणार नाही. वाटली! घशाशी आवंढा आला, आणि त्यांना वाटलं, झालं, इथूनच सुरुवात. मग म्हणाल्या, "गळा माझा हाय. येऊ दे."

हिंदुरावांना एका कुशीवर कलतं केलं. बोटावर काकवी घेतली, ओठ बाजूला सारला, आणि गालाच्या आतून, हिरड्यांवर चोपडली. ते चावले! बोटातून रक्त आलं. त्यांनी दुसरं बोट बुडवलं. पुन्हा. पुन्हा चोपडली.  

काही होईना!

"चोळत ऱ्हावा, वैनी," म्हादबा आता हळूच म्हणाला, आणि त्यानं मालकाचं डोकं आपल्या हातांवर धरलं.

मग जीभ हलली. जरा. गालाकडे वळली, चाटलं. गिळलं! अजून दिली, अजून गिळलं. मग रसाचे घोट. थरथर उतरत गेली. डोळे स्थिर झाले. हिंदुरावांनी आधी म्हादबाकडे बघितलं, मग बायकोच्या बोटाकडे.

"रगत कशाचं?"

"कुत्रं चावलं," हौसाबाई म्हणाल्या, आणि तिथंच बसून हुंदके देऊन रडल्या.

भाकरी आणि पिठलं पुढे आलं. गडी पांगले. आणि हिंदुरावांच्या तोंडात ती चव होती, वर्षभरानंतर! त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. पितळी वाटी शेजारीच. तळाला काकवी होती अजून. त्यांनी वाटी उचलली.

"तर मग," ते म्हणाले, "मोडलीच म्हणायची शपथ."

"मोडली."

"तू तर हाईस की जागेवर."

"हाय."

वाटी हातात. आता अडवायला कोण होतं, सांगा? गंगा नाही, गळा नाही. हौसाबाईंच्या ओठांवर नवी शपथ आली होती. त्यांनी ती गिळली.

"म्या आता शपथ घालणार न्हाई," त्या म्हणाल्या. "घातली तर तुमचं तोंड औषधालाबी मिटतंय. अंगठा तुमचा हाय. म्या निस्ता धुते."

हिंदुरावांनी वाटी कलती करून बघितली. तोंडाला पाणी सुटलं होतं, माणूसच तो! एकदा वाटी ओठांपर्यंत गेली. हौसाबाईंनी मान फिरवली नाही. बघत राहिल्या.

त्यांनी वाटी खाली ठेवली. म्हादबाकडे सरकवली.

"ने. देव उपाशी बसलाय सकाळधरनं." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

आता निकाल द्या, पहिली रांग! व्रत मोडलं? आता घाई नाही वाटतं? काशीत त्यांनी भीतीपोटी सोडलं होतं, आणि ती भीती त्यांना घेऊन चालली होती. गुऱ्हाळात त्यांनी कळून सोडलं, कुणी न अडवता. ज्यानं अंगठा दिला, जीव दिला, त्या देवाला कुठलं सोडणं पोचलं असेल? मला विचाराल तर दुसरं. आणि हौसाबाईंनी उष्टावलेला तो नैवेद्य? तोही पोचला असणार.

पण गोष्ट हिंदुरावांची झाली, आता तुमची. आज एकादशी. अर्ध्याहून जास्त लोक उपाशी आहेत, मला इथून दिसतंय. तुमच्यातल्या किती जणांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतलीय, नाहीतर सुई टोचलीय? लाजू नका. देवासमोर कारलं सांगू नका! तुमच्या शेजारच्याचा हात धरून बघा जरा. गार आहे? घाम आहे? असेल तर त्याचा हात वर करा.

ते बघा, तिकडे दोन हात वर आले. अजून एक. आणि तबलेवाले काका, तुम्हीसुद्धा? मग मघाशी गजरात ठेका का डगमगत होता ते कळलं! तबला ठेवा. उठा. या तिघांनाही सोबत घ्या, एकमेकांना धरून जा. मागे साखरेचं पाणी करून द्यायला सांगा, आणि त्यावर पोटाला काहीतरी खा. उपास मोडला तर माझं नाव सांगा देवाला.

आरती तुम्ही आल्यावर. तोवर मी इथेच उभी आहे.