पाणकणसांमागचं तळं

नाही नाही, तुम्हीच सांगा मला, तळ्याकाठी घर माणूस कशाला घेतो? तळं बघायलाच ना? तुम्हाला सांगतो, मेटगळ्ळीच्या कारखान्यात जन्म गेला माझा, मशीनचा खडखडाट ऐकत, आणि तेव्हाच ठरवलं होतं, रिटायर झालो की हुणसूर रोडला तळ्याकाठी लहानसं घर, पुढे व्हरांडा, हातात कॉफीचा लोटा, समोर पाणी... बस्स! घर झालं. व्हरांडा झाला. कॉफीही वेळेवर येते, खोटं कशाला बोलू? पण समोर काय, तर पाणकणसं! माणूस बुडेल एवढी उंच! तळ्याकाठी घर, आणि तळं दिसत नाही!

कुणामुळे? आमच्या वनजामुळे! कॉलेजात बॉटनी शिकवायची हो, ती रिटायर झाली आणि सगळी बॉटनी माझ्या एकट्यावर आली. मी पहिल्याच दिवशी कोयता काढला, तर ही आडवी. "अहो, काठाला हात लावायचा नाही! ती कणसं माती धरून ठेवतात, वाहून येणारी घाण अडवतात, पक्षी राहतात त्यांत." बरं बाई. मग लॉनला युरिया नाही, का, तर पावसात तो तळ्यात जातो आणि शेवाळ माजतं... मग लॉनच नाही! न्हाणीचं पाणी केळीच्या खड्ड्यात, संडासाची टाकी पार रस्त्याकडे, आणि स्कूटर तळ्यावर धुवायची नाही. अय्यो, आयुधपूजेलासुद्धा नाही! पणजोबा आमचे महाराजांच्या घोडदळात, माझं नाव फत्तेसिंगराव, आणि दसऱ्याला मी ओल्या फडक्यानं स्कूटर पुसतोय!

आणि शेजारी कोण? भुजंगराव! काठ तासून साफ, सिमेंटच्या पायऱ्या, पाण्यापर्यंत हिरवंगार लॉन, त्यावर खुर्ची. रोज संध्याकाळी कुंपणावरून, "एनु स्वामी, काय म्हणता, दिसतं का तळं? बन्नी, बन्नी, इकडे या, बघून जा!" मुद्दाम हो! माझा नुसता तिळपापड व्हायचा. तळ्याकाठी घर, आणि तळं बघायला शेजारी जायचं?

तर यंदा पाऊस असा झाला, तळं तुडुंब! आता इकडची रीत अशी, तळं भरलं की त्याची ओटी भरायची, बागिना म्हणतात. सुपात हळदकुंकू, तांदूळ, पानसुपारी, फुलं ठेवून पाण्यात सोडायचं. काठावरची सगळी घरं जमली, जरीच्या साड्या, वाजंत्री, आणि अर्थातच भुजंगरावांच्या पायऱ्यांवर. त्यांच्या आई, भागीरथीबाई, त्यांचा पहिला मान. म्हातारीनं वाकून सूप पाण्यात सोडलं... आणि सूप जागचं हलेना! हलणार कसं? पाणी होतं कुठे? नुसतं अळूचं फतफतं! सगळा युरिया उतरलेला तिथं! आणि वास? बायकांचे पदर नाकाला, वाजंत्रीवाल्याला फुंकवेना! भागीरथीबाई वळल्या, "भुज्या, तळ्याची ओटी भरायला आणलंस की गटाराची?" भुजंगरावाचं तोंड पाहायला हवं होतं. एवढंसं झालं!

"चला, वनजाकडे," म्हातारी म्हणाली. तुम्हाला सांगतो, मला आकाश ठेंगणं झालं! आता वाट करावीच लागणार, म्हणजे कणसं कापावीच लागणार, म्हणजे व्ह्यू! मी धावत जाऊन कोयता आणला. वनजा म्हणाली, "ठेवा तो. पाणकोंबडीची पिल्लं आहेत आत." मी आशेनं भागीरथीबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "कापायचं कशाला गं? घरात उंच माणूस आहे की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

धोतर खोचलं, सूप डोक्यावर घेतलं, शिरलो. मागून वनजा, "अहो, पिल्लांच्या बाजूला जाऊ नका! आणि पाण्याला दाखवून सूप परत आणा, तिथं टाकून येऊ नका!" भुजंगराव, "साप असतात का हो त्यात?" आता हे विचारायची वेळ आहे? गुडघाभर, कमरभर, छातीभर पाणी, पानं तोंडावर सपासप... आणि एकदम मोकळं! अहो, काय सांगू! पाणी असं नितळ की माझ्याच पायाची बोटं दिसत होती. कमळं, पाणकावळे, लांब चामुंडीची टेकडी. शप्पथ सांगतो, हेच तर हवं होतं मला जन्मभर! सूप डोक्यावर घेऊन उभाच राहिलो. मागून हाक, "अहो, बुडलात की काय?"

घरी आल्यावर म्हटलं, वनजा, एक खिडकीएवढी फट तरी? "कशाला? वाट कळली की आता," ती म्हणाली. "पिल्लं मोठी झाली की खुशाल जात जा."

तर आता पिल्लं उडून गेलीत आणि मी रोज संध्याकाळी धोतर खोचून, कॉफीचा लोटा डोक्यावर धरून, तळ्यात जाऊन उभा राहतो. हल्ली भुजंगरावही येतो, त्याला त्याच्या पायऱ्यांवर वासानं बसवत नाही. कणसं लावलीत त्यानं आता, आमच्याकडूनच नेली. आम्ही दोघं छातीभर पाण्यात, आणि माझ्या व्हरांड्यात, माझ्या खुर्चीवर कोण? भागीरथीबाई! काल विचारत होत्या, "वनजा, ते दोघं गेले कुठे गं?"

"कणसांमागे आहेत मावशी. इथून दिसत नाहीत."

"तरीच! तरीच आज इथं बसून एवढं छान वाटतंय!"

अहो, दिसत नसलो तरी आम्हाला ऐकू येतं हो सगळं!