उजव्या हाताची लाट

माझं नाव सुनंदा. आम्ही मूळचे निपाणीकडचे, आई विड्या वळायची, बाबा तंबाखूच्या वखारीत, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, त्यामुळं बेंगळुरात भाषेनं माझं काही अडलं नाही. बेळगावात टेक्निशियनचा कोर्स केला, मग लग्न झालं, हे इथं चिकपेटेत साड्यांच्या होलसेल दुकानात, म्हणून मी इकडं. अठरा वर्षं झाली, का एकोणीस, असू दे. शिवाजीनगरच्या बस स्टँडवरनं चालत जाण्यासारखं एक खाजगी हॉस्पिटल आहे, नाव कशाला घ्यायचं, त्याच्या तळघरात आमची खोली. तुम्ही बसून बोलू म्हणता, बसते, पण अलीकडं मला एका जागी बसवत नाही, मध्येच उठले तर राग मानू नका.

काम काय, तर नसांची तपासणी. कुणाचा हात बधिर झाला, पायातला जोर गेला, की डॉक्टर आमच्याकडं पाठवतात. अंगठ्याच्या बुडाला चिकटपट्टी लावायची, मनगटावर हातातल्या यंत्रानं करंट द्यायचा, की अंगठा टुणकन उडतो आणि पडद्यावर लाट उठते. लाट किती उंच, किती वेळात आली, त्यावरनं नस कशी आहे ते कळतं. बेळ्ळंदूरकडनं कॉम्प्युटरवाले येतात, चार दिवस मुंग्या आल्या की मोबाईलवर नको नको ते वाचून अर्धमेले होऊन येतात. मी म्हणते, स्वल्प तडकोळ्ळी, थोडं सोसा, झालंच. झालं की सगळे एकच विचारतात, अक्का, काय आलं? आणि आम्हाला ते सांगायची परवानगी नाही, मी म्हणते डॉक्टर सांगतील. इतकी वर्षं तेच वाक्य आणि तोच चेहरा. लोक चेहऱ्यावरनं वाचायला बघतात ना, मग चेहरा सपाट ठेवायला शिकावं लागतं.

आमच्यात एक पद्धत आहे. सकाळी मशीन चालू केलं की पहिली लाट स्वतःच्या हाताची घ्यायची. मशीन ठीक आहे का बघायला, दुसरं काही नाही. म्हणजे काय सांगू तुम्हाला, बायका सकाळी आरशात तोंड बघतात, तशी मी माझ्या उजव्या हाताची लाट बघत आले. तिचा चढ, तिचा उतार मला पाठ.

एके दिवशी ती बुटकी आली. म्हटलं चिकटपट्टी जुनी असंल. नवीन लावली. वायर बदलली. हात गरम पाण्याखाली धरला, गारठ्यानं लाट बुटकी होत नाही हे मला चांगलं माहीत, तरी धरला. मग कंपनीच्या इंजिनिअरला फोन करून त्याच्यावर चिडले, तुमचं मशीन बिघडलंय, लगेच या. तो आला, पट्ट्या स्वतःच्या हाताला लावल्या आणि बटण दाबलं. लाट अशी उंच, देखणी. म्हणाला, मॅडम, मशीन सरी आहे, म्हणजे ठीक. मी म्हटलं, हो, सरी आहे, चहा घेऊन जा.

दुसऱ्या दिवसापासनं मी डाव्या हातावर तपासायला लागले. हसू नका. इतक्या लोकांचे हात तपासलेली बाई मी, आणि काय केलं, तर हात बदलला! डावी लाट छान यायची, मी म्हणायची मशीन ठीक, आणि कामाला लागायची. दोन महिने असं चाललं. पण चित्त थाऱ्यावर नाही. बस सिग्नलला थांबली की उतरून चालत सुटायची. मेट्रोत बसले की समोरच्या लोकांच्या तोंडाकडं नाही, अंगठ्यांकडं बघायची. कुकरचं झाकण लागेना, तर यांना म्हटलं रबर खराब झालंय, नवीन आणा, आणि यांनी बिचाऱ्यांनी आणलं.

मग एका दुपारी पेशंट नव्हता तेव्हा मी बोटाची नस तपासली. ती स्पर्शाची नस. मनगटात नस दाबली गेली असंल तर बहुतेक ती आधी मंदावते, आणि मग सोपं असतं, लहानसं ऑपरेशन, मोकळं. मी देवाला म्हणत होते, मंद येऊ दे. ती आली एकदम चांगली, पुस्तकातल्यासारखी. नॉर्मल आकडा बघून घाबरायची माझी ती पहिलीच वेळ. स्पर्श शाबूत आणि जोर तेवढा चाललाय, असे पेशंट मी बघितलेत. त्यातले काही आधी चालत आले, मग काठीनं, मग खुर्चीवरनं. सगळ्यांचं तसं होत नाही, पण ज्यांचं झालं तेच डोळ्यासमोर येतात.

आमच्या डॉक्टर मॅडम एकदा सकाळी लवकर खाली आल्या आणि पट्टी डाव्या हाताला बघितली. सुनंदा, आज डावा का? मी म्हटलं, बांगड्या आड येतात. त्या माझ्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या. अंगठ्याच्या बुडाला खळगा पडला होता, मी तो पदराखाली झाकून दोन महिने काढले होते. म्हणाल्या, अंगठा वर दाब. मी दाबला, त्यांनी एका बोटानं खाली केला. म्हणाल्या, झोप टेबलावर.

सुईची तपासणी डॉक्टरच करतात. स्नायूत बारीक सुई घालतात आणि त्याचा आवाज स्पीकरवर येतो. निरोगी स्नायू सैल सोडला की गप्प असतो, आजारी स्नायू गप्प बसत नाही, पत्र्यावर पावसाचे थेंब पडल्यागत टपटप करतो. अंगठ्यात सुई गेली आणि टपटप सुरू झाली. मग दंड, मग डावा हात, मग पिंढरी, मग जीभ. प्रत्येक जागी मी श्वास धरून ऐकत होते. सगळीकडं गप्प. मी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं, आणि काय सांगू, त्यांनी माझाच चेहरा लावला होता, तो सपाट. मला इतका राग आला. मी म्हटलं, मॅडम, मला तरी सांगा हो! मग त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, फक्त अंगठाच आहे. तू इतकी वर्षं ते करंटचं यंत्र तळव्यात दाबून धरतेस, तळव्यातली नसेची बारीक फांदी दबली असंल. किंवा मानेतनं असंल, एमआरआय करू. किंवा एकेक स्नायू झिजवत जातो त्या आजाराची सुरुवात असंल. आज सांगता येत नाही. तीन महिन्यांनी परत बघू, तोवर स्वतःचा हात मशीनला लावायचा नाही.

मानेचा एमआरआय स्वच्छ आला. घरी यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, विचारलं, दुखतं का गं? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग बरं आहे की. मी रडलेच. त्यांना काय ठाऊक, आमच्या खोलीत दुखणारा पेशंट आला की आम्हाला हलकं वाटतं. दबलेली नस बहुतेक दुखते, ठणकते, मुंग्या आणते. तो दुसरा आजार हाताला गुपचूप खातो.

पुढच्या बुधवारी तीन महिने होतात. तोवर ते यंत्र धरायचं नाही म्हणून आता मी रिसेप्शनला बसते, म्हणजे उठते-बसते. लोक देवाला म्हणतात दुखणं घेऊन जा. मी रोज सकाळी देवापुढं हात जोडते, उजवा अंगठा डाव्यानं धरून ठेवते, आणि म्हणते, बाबा, थोडं तरी दुखू दे.