धबधबा चढणारी मासोळी

१९५५ सालचा हिवाळा होता. चांद्याला पोंभुर्ण्याच्या मोटारीची वाट पाहत कमळा धुक्यात पेंगत बसली होती. पाठीमागं मासे धरणाऱ्या दोन ढिवर बाया बोलत होत्या.

“गोकुळा, तो गोरा साहेब तुयाकडं काऊन आला होता?”

“त्याच्या आज्याचा भाऊ शोधून राह्यला होता, देवकाबाई. तो भाऊ लय सालामागं स्कॉटलंडातून इकडं सागवान तोडाले आला, अन् इथीच राह्यला.”

“तोच तुया आजा?”

“हो, मायचा बाप. पर ना कागद, ना कबर, सारं पुरात गेलं. साहेब हताश होऊन उठला.”

“मंग?”

“म्हटलं, मायनं आज्याची एक गोष्ट तेवढी जपली. त्याच्या गावची मासोळी समुद्रात जाते, अन् मोठी झाली का धबधबे चढून आपल्याच नदीत परत येते.”

“मासोळी कुठी धबधबा चढते?”

“आमी बी हसत होतो. साहेब मातर खाली बसला. मोडक्या हिंदीत म्हणे, ती नदी आमच्या घरामागून वाहते.”

पोंभुर्ण्याची मोटार आली. कमळा पुढचं ऐकायला डोळे मिटूनच बसून राहिली.

“अन् तुले काय म्हणला?”

“बहीण म्हणला.”

“तू?”

“म्हटलं, उशीरच केला, भाऊ. आता जेवून जा.”