बारा म्हणजे बारा

...आता ते दोन हजार एक होतं की दोन, तुम्हाला सांगतो, माझा मलाच भरवसा नाही. डॉक्टरेट आहे माझी, पण चष्मा कुठे ठेवला ते बायकोला विचारावं लागतं! आकडा मात्र पक्का आठवतो. बारा!

पुलगावच्या आमच्या कॉलेजात मयुरी नावाची मुलगी होती, नाचणगावहून सायकलने यायची, तिनं प्रोजेक्टला डीबगर लिहिला, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या पोटात डोकावून कुणी किती बाइट जागा अडवली ते सांगणारा प्रोग्राम, आणि तो खरं बोलतो का हे तपासायला चाचण्या. एक अक्षर, त्याला एक बाइट, त्याच्यामागे एक दशांशाचा आकडा, त्याला आठ. एक आणि आठ, नऊ, हो ना? नाही! मी लिनक्सवर मोजले, बारा. पण हिच्या चाचणीत उत्तरच लिहिलेलं नाही! आधी कंपायलरलाच, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देतो त्यालाच, विचारायचं, बाबा रे, तू हा आकडा कितीच्या पटीत बसवतोस, आणि मग उत्तर ठरवायचं!

"मयुरी, हे काय? पोरालाच विचारून पेपर तपासायचा?"

"सर, एसटीत म्हातारी बाजूले थैली ठेवते न, तिचीही जागा मोजाच लागते. लिनक्सवाला कंपायलर मधात तीन रिकाम्या बाइटांची थैली ठेवते, विंडोजवाला सातांची. मंग तिकडे सोळा होते."

"चाचणीला उत्तर एकच असतं. बारा म्हणजे बारा! लिही."

लिहिलं तिनं. गाइड म्हणून सही माझी हवी होती ना!

आणि नेमकं तोंडी परीक्षेच्या दिवशी आमचा लॅबवाला तानबा धावत आला, "सर, लिनक्सवाली मशीन सुरूच नाई होऊन राह्यली!" मग काय, विंडोज! पडद्यावर काय यावं? अपेक्षित बारा, मिळाले सोळा, नापास! नागपूरचे परीक्षक प्रभाकरराव तोंडातला तंबाखूचा खर्रा सांभाळत म्हणाले, "क्या मॅडम, एवढं बी समजत नाई? बारा काऊन लिहिलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी?... मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता हो, तरी पाहत होतो!

"चूक झाली, सर," ती म्हणाली. कोणाची, ते नाही म्हणाली. पहिला वर्ग चार मार्कांनी गेला, आणि त्याच्यासोबत पुण्याच्या कंपनीची मुलाखत. एक शब्द बोलायचा होता मला, एक! पण बारा म्हणजे बारा...

सात-आठ वर्षांनी कपाटात तिचे पहिले कागद सापडले, कंपायलरला विचारणाऱ्या चाचणीचे, माझ्या लाल शाईतल्या 'बारा'सकट. बसलो, माझा बारा सोडून तिचं होतं तसं सगळं एका बोटानं टाइप केलं, दोन्ही कंपायलरवर चालवलं. खोटं कशाला सांगू, मनात म्हणत होतो, एका तरी ठिकाणी नापास होऊ दे रे देवा!

बारा तिथे बारा, सोळा तिथे सोळा. दोन्हीकडे पास.