बुधवारची पंगत

— नाही, नाही, उठायचं नाही तुम्ही. हाफ टाइम झालाय, आता पोरी घटकाभर दम खातील, मग पुन्हा शिट्टी. बसा. बाक ओला आहे, ही पिशवी घ्या खाली. तर मी काय सांगत होतो — तुम्ही आपल्यातले हे मला कसं कळलं? अहो, तो बॉल तुमच्या लेकीच्या अंगावर येत होता आणि तुम्ही ओरडलात, 'अगं पुढे ये, पुढे ये की गं!' एवढ्या कॉव्हेंट्रीत, एवढ्या गारठ्यात, 'अगं'! माझ्या अंगात वीज खेळली बघा. सबंध हिवाळा या कठड्याला टेकून मी नुसतं 'येस, येस' आणि 'नो, नो' करत काढला, आणि आज शेवटच्या मॅचला देवानं शेजारी माणूस पाठवलं — तेही समोरच्या पार्टीचं! हसा, हसा. नाव काय म्हणालात? शशी. शशीराव म्हणतो मग, चालेल ना? मेडनहेडहून आलात गाडी हाकत, लेकीची मॅच बघायला. रजा टाकून? वा. आणि ती गोलात उभी राहते ती तुमची निवेदिता. काय अडवते हो पोर! माझ्या वरदाचे दोन बॉल तिनं असे उचलले, जसे झाडाचे पेरू तोडावेत. तिसरा वरच्या दांडीवर आपटला म्हणून, नाहीतर — बरं जाऊ दे. वरदा कोण? ती काय, नऊ नंबरची, लांब वेणी, चिखलानं गुडघे काळे झालेली. माझी नात. तुमच्यावर राग नाही हं माझा. हे घ्या. घ्या हो, पुरणपोळी आहे, परवाच्या पाडव्याची नाही, आज पहाटे उठून केलेली. तूप गोठलंय थोडं, थंडीच तशी आहे, माणसंसुद्धा गोठतात इथं.

खा, मी बोलतो. माझं काय आहे, शनिवारी विमान आहे माझं. मुलगा गिरीश डॉक्टर आहे इथल्या हॉस्पिटलात, त्यानं थंडीच्या सुरुवातीला आणलं मला, आता परत वाईला. आणि जाण्याआधी एकच हौस राहिली आहे — वरदाचा एक गोल या डोळ्यांनी बघायचा. एकच! जास्तीचा लोभ नाही. पण मी आल्यापासून या ग्राउंडवर आमच्या पोरींनी एकही गोल केलेला नाही. एकही! आणि आज जिंकल्या नाहीत, नुसती बरोबरी जरी झाली, तरी टीम खालच्या गटात जाते, आणि वरदाची नऊ नंबरची जागा पुढच्या वर्षी दुसरीला देणार, असं कोच म्हणतो म्हणे. म्हणजे बघा, किती टांगलेलं आहे आज.

आता गोल का होत नाहीत, यावर इथं बोलणारे कमी नाहीत. तो बघा, चेक्सची टोपी, हातात थर्मास — तो टेरी. मोटारीच्या कारखान्यात जन्म गेला त्याचा, आता रिटायर. त्याला पोर नाही, नात नाही, पण मॅच चुकवत नाही. त्याचं म्हणणं, ग्राउंड तिकडे उतरतं आहे, चढावर पळून पोरींची फुप्फुसं फाटतात. मला इंग्रजी येत नाही, पण तो हात असा तिरका करून दाखवतो, त्यावरून समजतं. त्याच्या शेजारी ते सरदारजी, बलबीरजी, त्यांची मुलगी मागे डिफेन्सला खेळते — ते म्हणतात उतार गेला खड्ड्यात, कोच गाढव आहे. हे मला हिंदीतून सांगतात, आणि कोच जवळून गेला की त्याला हात जोडतात! आणि आमचा गिरीश, त्याचं वेगळंच. तो जेवताना मीठदाणी, चमचे, लोणच्याची बाटली मांडून दाखवतो — बाबा, ही चार माणसं इथं, ही तीन इथं, आणि पुढच्या तिघी एकमेकींच्या पायात येतात. सूनबाई, अलका, म्हणते बूट चांगले नाहीत. गेल्या बुधवारी या कठड्यापाशी टेरी आणि बलबीरजी इतके भांडले, इतके भांडले की मॅच संपून पोरी घरी गेल्या आणि हे दोघे रिकाम्या ग्राउंडकडे बोट दाखवून ओरडतायत! आणि गेल्या शनिवारी क्रिकेटच्या वर्ल्ड कपात आपले लोक बांगलादेशकडून हरले, तेव्हा बलबीरजी मला म्हणाले, बाबाजी, तुमच्या नातीच्या टीमची लागण झाली त्यांना. मी म्हटलं, असेल बाबा.

वरदा मात्र कुणाला दोष देत नाही. तिला विचारलं की म्हणते, 'आजोबा, माझाच फॉर्म खराब आहे, बाकी काय नाय.' तिचं मराठी असंच, पण गोड वाटतं. सगळं स्वतःवर घेते पोर. मी म्हणायचो, अगं तू तर एवढी जेवतेस व्यवस्थित, तुझा फॉर्म कशाला खराब होईल?

संपली पोळी? हं. — अहो, 'पुरे' काय, अजून सुरुवात नाही झाली. आपण वाढपी माणूस, शशीराव. नाही नाही, आचारी नाही, वाढपी. आचारी चुलीपाशी घाम गाळतो, पण पंगत सांभाळतो तो वाढपी. वाईला मंगल कार्यालयात उभा जन्म काढला. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण माणसाचं पोट वाचता येतं. लग्नात नवरदेवाकडचा म्हातारा रुसलाय की भुकेलाय, हे मी तुपाची वाटी हातात धरून लांबून ओळखत असे. आणि आमचे मुकादम होते मुरलीधरपंत, त्यांचा नेम — ताट रिकामं दिसलं की विचारायचं नाही, वाढायचं! ज्याला नको असेल तो हात आडवा घालील, नाहीतर दोन घास ताटात ठेवील. घालतोच की आपल्याकडे माणूस हात आडवा, नाही का? तरी आपण बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. त्यात मजा असते. माझ्या पंगतीतून अर्धपोटी उठलेला माणूस दाखवा, मी मिशी उतरवीन.

तर इथं येऊन मी काय करणार? टीव्ही समजत नाही, बाहेर अंधार. मग वरदा म्हणाली, बुधवारी दुपारी कॉलेजच्या मॅचेस असतात, घर ग्राउंडपासून जवळ, तर मैत्रिणींना जेवायला आणू? माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं! केटी आणि एमा, पुढे खेळतात ना वरदाच्या दोन्ही बाजूंना, त्या आल्या. मी खाली पाट मांडले — म्हणजे पाट कुठले, सोफ्याच्या गाद्या — ताटाभोवती रांगोळीसुद्धा घातली. अलकाचा गालिचा होता, पुसताना तिला जड गेलं. पहिल्या दिवशी मसालेभात, वांग्याची भाजी, अळूवडी, श्रीखंड. आणि काय जेवल्या हो त्या गोऱ्या पोरी! ताट असं लख्ख, की धुवायला लाज वाटावी. मी पुन्हा वाढलं. पुन्हा लख्ख! पुन्हा वाढलं. एकीनं हात आडवा घातला नाही, एकीनं घास उरवला नाही. आयुष्यात अशी पंगत पाहिली नाही मी. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, काय ही भूक, काय ही माया! तेव्हापासून दर बुधवारी. बासुंदी-पुरी, मग गुळाची पोळी, मग पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. एमा तर शेवटी शेवटी डोळे मिटून जेवायची, इतकं तिला आवडायचं. मला आज्जोबा म्हणतात त्यासुद्धा. जेवून उठताना मला भिंत धरून थँक्यू म्हणायच्या आणि मग बूट बांधायला वरदा त्यांना मदत करायची, कारण वाकवत नसे बिचाऱ्यांना —

हो, मॅचच्या आधीच. तासाभरात मॅच. बुधवारच तो.

काय? बाकीच्या पोरी? त्या नाही हो येत, डिफेन्सच्या पोरी लांब राहतात. बलबीरजींची मुलगी तर एक केळं खाऊन येते, त्यांनाच काळजी. पण पळते मात्र वाऱ्यासारखी.

हे काय विचारता, बाहेरगावी मॅच असली की या काय खातात? मला काय ठाऊक. सकाळीच बसनं निघतात, सँडविच नेतात म्हणे, कागदात गुंडाळलेलं. मी नसतो बरोबर. तिकडे? तिकडे होतात की गोल! लेस्टरला तीन केले, वरदाचेच दोन. तिकडे होतात, इथं होत नाहीत, म्हणून तर टेरी म्हणतो उतार, बलबीरजी म्हणतात कोच, गिरीश म्हणतो मीठदा—

थांबा हं.

नाही, काही नाही. थांबा जरा. आज काय झालं सांगतो. काल वरदा आली, म्हणाली, 'आजोबा, उद्या जेवण नको हं, कोचने लवकर बोलावली आहे आम्हाला.' मी म्हटलं, बरं बाई, मग डबा आणतो, हाफ टाइमला खा. ती काहीतरी बोलणार होती, पण नुसती गळ्यात पडली माझ्या. मला वाटलं, मी शनिवारी जाणार म्हणून. पण शशीराव, कोचची गाडी तर माझ्या डोळ्यांदेखत आली, मॅचच्या थोडीच आधी. आणि डिफेन्सच्या पोरी त्याच्याही मागून. कुणी लवकर बोलावलं नव्हतं हो. कुणीच बोलावलं नव्हतं! आणि आज पहिल्या अर्ध्यात केटी बघितलीत? हरणासारखी! मी मघाशी तुम्हाला म्हटलंसुद्धा, आज उपाशीपोटी पोरी पळतायत, दया येते.

अरे देवा.

उतार नाही. कोच नाही. चार-तीन-तीन नाही. शशीराव — मी! माझं श्रीखंड! हा हा — नाही, पाणी नको, मी रडत नाही, हसतोय. अहो, त्यांना हात आडवा घालायचा असतो हे ठाऊकच नाही! त्यांच्याकडे ताटात टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान, आणि माझ्याकडे ताट रिकामं म्हणजे माणूस भुकेला. त्या संपवतायत, मी वाढतोय, मी वाढतोय, त्या संपवतायत! एमा डोळे मिटून जेवायची — आवडून नाही हो, देवाचा धावा करत असणार ती! एवढ्या मोठ्या कारखान्यात जन्म काढलेला टेरी उतारातच अडकला, आणि इथं आमची बासुंदी पोरींना घेऊन बसली होती चिखलात!

आणि वरदाला ठाऊक होतं. सगळा हिवाळा ठाऊक होतं. कोचची बोलणी खाल्ली, जागा जायची वेळ आली, 'माझाच फॉर्म खराब' म्हणाली, पण आजोबाला म्हणाली नाही की वाढू नका. एकदा खोटं बोलली, तेही काल, कारण मला गोल दिसावा शनिवारच्या आधी. बघा आता. माझं पोटाचं वाचन!

त्या बघतायत इकडे. डबा बघतायत. अहो, केटीचा चेहरा बघा, फाशी जाताना माणसाचा असतो तसा! तरी हसतायत, हात हलवतायत. वरदा येतेय इकडे. मी नुसतं झाकण उघडलं ना, की बसतील बिचाऱ्या आणि संपवतील. शेवटची पोळी संपवतील. आणि न नेऊ तरी कसं? आख्ख्या जन्मात मी भरलेलं भांडं पंगतीतून मागे आणलेलं नाही. हात आपोआप पुढे जातोय, धरा हो तुम्ही.

शशीराव, तोंड उघडा. विनोद करत नाही, तोंड उघडा. ही घ्या. चावा. अजून दोन आहेत, एक तुमची, एक माझी. तुमची समोरची पार्टी असली म्हणून काय झालं, अन्नाला पार्टी नसते. हात आडवा घालू नका, तुम्हाला घालता येतो ठाऊक आहे मला, आज चालणार नाही. बोलू नका, गिळा. माझीही — हं — जाते. घशात बसली. गेली.

वरदा! अगं, संपली! या काकांनी खाल्ल्या सगळ्या, मेडनहेडहून उपाशी आलेत! बघ — हे बघ, डबा उपडा, तुपाचा थेंबसुद्धा नाही! जा, जा, शिट्टी होईल.

हसली. बघितलंत? कशी हसली. काहीतरी कळलं तिला. तशी लहानपणी हसायची, वाईला आली की. गेली पळत. केटीला काय सांगितलं कोण जाणे, ती उड्याच मारतेय.

झाली शिट्टी. उभे राहू या, बाकावरून दिसत नाही. तुमच्या निवेदितालाही देव यश देवो, पण थोडं उशिरा देवो हं. हे बघा, बलबीरजींच्या मुलीनं मारला लांब. केटीकडे. केटी पळतेय, अहो चढावर पळतेय, टेरी, टेरी, सी, सी! आता दिला मधे. वरदाकडे. मागे कुणी नाही तिच्या. पुढे फक्त तुमची —

शशीराव, तुम्ही 'पुढे ये' म्हणणार, मी 'मार' म्हणणार. नको. दोघीही आपल्याच. हात द्या इकडे. आता तुम्ही बोलू नका, मीही —