आई यायच्या आत

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावाच्या कॅम्पस बसमध्ये एसीचा गारठा होता. निवृत्त प्राध्यापिका नीलांबरीताई मांडीवर शाल घेऊन वाचत बसल्या होत्या. पुढच्या सीटवर दोन विद्यार्थी मराठीत बोलत होते.

"केदार, उद्या काकू येतायत आणि साप अजून तुझ्याकडेच?"

"अमेय घेणार होता, चारुता. त्याच्याकडेच निघालो होतो, तर आत्ता त्याने कॅन्सल केलं. तू घे ना यार. आई आहे तोवर, तीनच महिने!"

"शक्य नाही. काकू नागपंचमीला पूजा करतात ना? मग सांगून टाक."

"ती चित्राची करते. चित्र हलत नाही."

"आणि त्याचं खाणं?"

"गोठवलेले उंदीर. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीत लपवलेत."

"वेड्या, काकू आल्या आल्या मटारभात करतील!"

"अरे देवा."

"हळू बोल, मागच्या बाई बघतायत."

"त्या स्पॅनिश वाटतात. त्यांना काय कळणार?"

"बरं, साप आहे कुठे?"

"या सॅकमध्ये, डब्यात. थांब, दाखवतो. चारुता…"

"काय?"

"झाकण उघडं आहे."

"आणि साप?"

"नाहीये."

नीलांबरीताईंनी पुस्तकात खूण घातली, चष्मा सारखा केला आणि मांडीवरच्या शालीची घडी अलगद उघडली.

"कॉर्न स्नेक आहे. विषारी नसतो, फक्त ऊब शोधतो," त्या म्हणाल्या. "तीन महिने राहू दे माझ्याकडे. पण ते मटार आजच आणून दे हं, बाळा."