घासलेला दस्ता

बालाघाट, १९६४. कटंगीची बस. माझ्या मागच्या बाकावर:

— भाऊ, पोत्यात बंदूक आहे का?

— हौ मावशी. लायसनची आहे. मोठ्या लढाईतली, फौजेच्या लिलावात घेतली. घरी अजून दोन आहेत.

— एवढ्या कायले? वाघ मारते का?

— शिकारीले नाही, शौक आहे. दस्ता पाहा किती घासला. कटंगीच्या सुताराकडून रंधा मारून घेतो.

— कायनं घासला?

— नेम धरताना शिपाई गाल टेकवते, तिथं.

— माहा पोरगा महागू त्याच लढाईत बर्म्याले गेलता. राखबी नाही आली.

— ही त्याचीच असंन असं नाही, मावशी.

— समजते मले. पण तेवढी जागा राहू दे.

— बेढब दिसते.

— दिसू दे.

— …बरं. नाही मारत रंधा.

— मग आण इकडे. कटंगीवरी मी मांडीवर घेते.